चार चाकं आहेत, मग मोटार का नाही?

प्रश्न : आकुर्डीच्या बजाज ऑटोची 'क्यूट' पाहिली. चार चाकं, दारं, स्टिअरिंग सगळं आहे. तरी तिला मोटार का म्हणत नाहीत?
— एक वाचक, मोशी

उत्तर : तिच्या वजनामुळे. रिकामी क्यूट साधारण ४०० किलो भरते. टाटा मोटर्सची नॅनो केवढीशी, पण तीही ६०० किलोंच्या घरात होती.

लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिकची पॅनेल, मागे २१६ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, लांबी पावणेतीन मीटर, चालकासह चार माणसं. वेग मात्र ताशी ७० किलोमीटरच, आणि खरी मेख इथेच आहे. वेग वाढवायचा तर मोठं इंजिन हवं, मग त्याला पेलणारे ब्रेक, टायर, जाड पत्रा; वजन फुगतच जातं. भोसरीहून चाकणला पहिल्या पाळीला निघालेल्याला ताशी ७० मिळतात तरी कधी? मोशीत थांबा, तळेगाव चौकात थांबा. थांबलेली गाडी पुन्हा हलवताना इंधन जळतं ते मुख्यतः तिच्याच वजनापायी, आणि पुढच्या चौकात ब्रेक दाबला की ती सारी ऊर्जा उष्णता होऊन जाते. साठ-सत्तर किलोंच्या एका माणसासाठी रोज हजार किलो लोखंड ढकलत न्यायचं, हे मला पटत नाही.

जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ही गाडी आली, तेव्हा आपल्या कायद्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता. रिक्षात बसेना, मोटारीत बसेना. २०१३ मध्ये सरकारने 'क्वाड्रिसायकल' हा वेगळा वर्ग मान्य केला, तोही भाड्याच्या वाहतुकीपुरता. प्रकरण न्यायालयातही गेलं. खासगी वापराला मुभा मिळायला नोव्हेंबर २०१८ उजाडला. २०१९ मध्ये महाराष्ट्रात पेट्रोलवरची क्यूट अडीच लाखांच्या आसपास विकायला आली. तेवढ्या पैशात वापरलेली चांगली मोटार मिळत होती. ही सात वर्षं गेली नसती तर, असं मला वारंवार वाटतं.

शेजारून कंटेनर गेला तर काय, ही धास्ती रास्त आहे. धडकेत हलक्या गाडीला हिसका जास्त बसतो, म्हणून आतल्या माणसालाही मार जास्त लागतो. पण पुणे-नाशिक रस्त्यावर त्याच कंटेनरांच्या कडेने आजही कामगार दुचाकीवरून जातात. भर पावसात, मागे बायको, मध्ये मूल. त्यांच्याभोवती प्लास्टिकचं पॅनेलसुद्धा नसतं.