जुन्या रस्त्याचें नवें सोंग

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनांत आम्हीं श्रीज्ञानेश्वरांच्या बालपणावरील एक लहानसा प्रवेश बसविला होता. आळंदीचा बाजार दाखवावयाचा म्हणून मुलांनीं मोठ्या हौसेनें घरोघरून टोपल्या आणल्या. एकींत तांबड्या मिरच्या, दुसरींत बटाटे, तिसरींत भुईमुगाच्या शेंगा. प्रयोग उत्तम झाला, टाळ्याहि पडल्या. पडदा पडल्यावर दिघीचेच एक वृद्ध शेतकरी पालक जवळ आले आणि नम्रपणें म्हणाले, "गुरुजी, माउलींच्या वेळेस मिरची होती का हो?"

आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. घरीं जाऊन ग्रंथ चाळले, तेव्हां चूक पदरांत पडली. ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली ती इ. स. १२९६ मध्यें. मिरची, बटाटा, भुईमूग हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतील पिकें. तीं युरोपियनांच्या जहाजांतून आपल्याकडे आलीं तीं सोळाव्या शतकांत व त्यानंतर. माउलींच्या काळीं तिखटपणासाठीं मिरें, पिंपळी आणि आलें होतें. म्हणजे आम्हीं त्या बाजारांत दोनशें वर्षांहून अधिक पुढचा माल मांडून बसलों होतों!

आमची चूक एका संध्याकाळची व तीन टोपल्यांची. परंतु ज्यांना सबंध रस्ता किंवा पेठ शंभर वर्षें मागें न्यावयाची असते, त्या चित्रपटाच्या नेपथ्यकारांस काय काय पाहावें लागत असेल? तोच विषय आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवीत आहों.

या कलेंत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. रंगविलेल्या पडद्यांऐवजीं लांबी, रुंदी आणि खोली असलेले देखावे उभारण्याचा पायंडा कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं पाडला. त्यांच्या हाताखालीं तयार झालेले विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे १९२९ सालीं स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे भागीदार झाले. १९३३ मध्यें कंपनी पुण्यास आली. तेथें या दोघांनीं 'संत तुकाराम' (१९३६) व 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हे चित्रपट दिग्दर्शित केले. एक हिंदु व एक मुसलमान अशा दोन चित्रकारांनीं मिळून देहू-आळंदीचा गतकाल पडद्यावर आणावा, ही गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

माउलींची पालखी आमच्या दिघीवरूनच पुण्याकडे जाते. आळंदी येथून कांहीं कोसांवर. मग कोणी विचारील, गांव इतकें जवळ असतां कॅमेरा घेऊन तेथेंच कां जाऊं नये? उत्तर सोपें आहे. आळंदीची सर्वांत प्रसिद्ध वास्तु म्हणजे समाधिमंदिर. परंतु समाधीवरचें मंदिर समाधीच्या आधीं कसें असेल? ज्या देवळावरून आपण आळंदी ओळखतों, तेंच ज्ञानेश्वरांच्या हयातींतील आळंदींतून प्रथम वगळलें पाहिजे! या विद्येचा पहिला धडा हाच, कीं गतकाल उभा करणें म्हणजे आधीं भर घालणें नव्हे, तर काढून टाकणें होय. काय होतें हें पुष्कळांस ठाऊक असतें. काय नव्हतें हें अभ्यासकासच ठाऊक असतें.

शहराचा रस्ता तर याहून अवघड. मुंबईंत घोड्यांची ट्राम १८७४ सालीं सुरू झाली, विजेची १९०७ सालीं, आणि १९६४ सालीं ट्राम अजिबात बंद झाली. तेव्हां १८८० सालच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम हवी, १९११ सालच्या रस्त्यावर विजेची हवी, आणि १९७० सालच्या रस्त्यावर एकहि नको. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्याच्या निर्मितीची कथा सांगणारा परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट २००९ सालचा. मधलीं शहाण्णव वर्षें पुसून काढावयाचीं, तीं अशा तपशिलांनीं.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. प्रथम पोलिस व नगरपालिका यांची परवानगी, मग रहिवाशांची संमति. उभ्या गाड्या हलवितात. डांबरावर माती पसरतात. लोखंडी शटरांपुढें लांकडी फळ्यांचीं दारें उभीं करतात. दुकानांच्या पाट्या झांकून त्या काळच्या वळणाच्या, हातानें रंगविलेल्या पाट्या लावतात. विजेच्या तारा, गच्चीवरील तबकड्या, खिडक्यांतील थंड हवेचीं यंत्रें यांस आडोसा करतात. जें झांकतां येत नाहीं, तें मागाहून संगणकाच्या साह्यानें चित्रांतून पुसतात. जेथें जुनी भिंत उरली नाहीं, तेथें बांबू, लांकूड व प्लास्टर यांची उभारतात; तिच्यामागें घर नसतें, केवळ टेंकू असतात. शेवटीं नव्या रंगावर धूर, धूळ व पावसाचे ओघळ रंगवितात. कारण शंभर वर्षांपूर्वींहि तो रस्ता कांहीं कालच बांधलेला नव्हता. काम संपल्यावर सर्व कांहीं पूर्ववत् करून देणें हेंहि सुजाण नेपथ्यकाराचें कर्तव्य होय. चार दिवसांच्या सोंगासाठीं शंभर वर्षांच्या भिंतीस भोंकें पाडणें हा अन्यायच.

रस्त्याचा शेवटचा अलंकार म्हणजे माणसें. 'गांधी' या चित्रपटांतील अंत्ययात्रेचा देखावा ३१ जानेवारी १९८१ रोजीं, म्हणजे मूळ अंत्ययात्रेस बरोबर तेहतीस वर्षें झालीं त्या दिवशीं, दिल्लीच्या राजपथावर घेण्यांत आला. सुमारें तीन लाख लोक त्यासाठीं जमले होते. तेवढ्या जनसागरापुढें प्लास्टरच्या भिंती काय करणार?

यापुढील गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. २०१५ सालीं दोन हिंदी चित्रपट निघाले. 'डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी' यांत १९४०च्या सुमाराचें कलकत्ता दाखवावयाचें होतें. त्या शहरांत जुन्या इमारती उभ्या होत्या, ट्रामहि धांवत होती. म्हणून कलकत्त्याच्या रस्त्यांवरच पुष्कळ चित्रण करतां आलें. 'बॉम्बे व्हेल्व्हेट' यांत विसाव्या शतकाच्या मध्यावरील मुंबई हवी होती. ती मुंबईंत न साधल्यामुळें परक्या देशीं, श्रीलंकेंत, उभारावी लागली. शहरानें जें मोडलें, तें पुनः पाहण्यासाठीं समुद्र ओलांडून प्लास्टरचें करावें लागलें.

जुनें तें सारें राखावें असें आमचें म्हणणें नाहीं. दिघी १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आली. पाणी, दिवे, रुंद रस्ते कोणास नको आहेत? मोडक्या भिंतींत राहणाऱ्यास जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगणें हें निर्दयपणाचें होईल. परंतु मोडण्यापूर्वीं पाहणें, मोजणें आणि लिहून ठेवणें यास पैसा लागत नाहीं. नेपथ्यकार कितीहि कुशल असला तरी ज्याची नोंद नाहीं व ज्याची आठवण असलेलें माणूस हयात नाहीं, तें त्यास कोठून मिळणार?

म्हणून विद्यार्थ्यांस सुटींतील अभ्यास देतों. आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता वहींत काढा. मग आजी-आजोबांपुढें ती वही ठेवून विचारा, "तुम्ही माझ्याएवढे होतां, तेव्हां यांतलें काय नव्हतें? आणि जें होतें, त्यांतलें काय गेलें?" विहीर, झाड, पार, दुकान, दिवा, वाहन, पाटीवरील अक्षर, जें जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत लिहा. पालकांनीं कंटाळा न करितां उत्तरें द्यावीं, अशी त्यांस विनंति आहे.

यंदाच्या संमेलनांत तोच प्रवेश पुनः करण्याचें आम्हीं योजिलें आहे. टोपल्यांत या खेपेस ज्वारी, तूर, तीळ आणि आलें राहील. आणि पडदा उघडण्यापूर्वीं त्या शेतकरी आजोबांस रंगमंचावर बोलावून बाजार तपासून घेण्यास आम्ही सांगणार आहों.