अभ्यासाने सवयीचा पालट

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला वाऱ्याची उपमा देतो आणि त्याचा निग्रह अतिदुष्कर मानतो. भगवान ही अडचण नाकारीत नाहीत, मन चंचल आहे हे मान्य करून ते अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात (६.३५). दोन्ही एकत्र सांगण्यात मर्म आहे. वैराग्याने जुने सुटते. अभ्यासाने त्याच्या जागी नवे रुजते. गृहस्थ बहुधा केवळ सोडण्याचा संकल्प करतो, आणि म्हणूनच तो संकल्प चार दिवसांत मोडतो.

याचे कारण दुसऱ्या अध्यायात सापडते (२.५९). आहार तोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. परतत्त्वाच्या दर्शनाने मात्र ती गोडीही मावळते. म्हणजे हीन गोडी नुसत्या त्यागाने जात नाही, श्रेष्ठ गोडीने जाते. बाधक विचार उठला असता त्याच्या विरुद्ध पक्षाची भावना करावी, असे योगसूत्रांतही (२.३३) सांगितले आहे.

तंबाखू हे याचे घरोघरचे उदाहरण होय. जेवण आटोपले की हात आपोआप डबीकडे वळतो. डबी फेकून दिली तरी ती घटका रिकामीच राहते, आणि रिकामी घटका जुन्यालाच बोलावते. तलफ कितीही तीव्र असली तरी तिची एकेक लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. त्या मिनिटांना काम द्यावे. चूळ भरावी, थोडी बडीशेप चघळावी आणि नामस्मरण करीत शतपावली घालावी. वेळ तीच, कृती मात्र दुसरी.

परंतु नवी सवय जुन्या सवयीची बहीण नसावी. तंबाखू सोडून सुपारी धरणे हा पालट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोगकारक ठरविली आहे.

पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. चिडचीड होते, झोप मोडते. घरच्यांनी हे दिवस ओळखून सांभाळून घ्यावे. त्रास असह्य झाल्यास डॉक्टरांचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. एखाद्या दिवशी नियम मोडलाच, तर या मार्गात आरंभिलेले व्यर्थ जात नाही, हे भगवंतांचे वचन (२.४०) आठवावे. हे आश्वासन पुन्हा उठण्यासाठी आहे, पुन्हा पडण्याची मुभा म्हणून नव्हे.

श्रेष्ठ पुरुष जसे आचरतो तसेच इतर लोक आचरतात (३.२१). घरात वडील माणूसच मुलांच्या दृष्टीने श्रेष्ठ असतो. ज्या मुलाच्या हाती पैसे देऊन तंबाखूची पुडी आणविली जाते, त्याला संयमाचा उपदेश कसा पटावा? तेच मूल उद्या वडिलांचे बोट धरून शतपावलीला निघाले, तर उपदेशाची गरजही उरणार नाही.

म्हणून साधकाने एकच सवय, तिची एकच घटका आणि त्या घटकेत करावयाची एकच शुभ कृती निश्चित करावी. ती दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करीत राहावे. यालाच अभ्यास म्हणतात.