‘मोठे डॉक्टर कधी येतील?’ : शल्यप्रशिक्षणातील स्त्री-पुरुष भेदाविषयी

शस्त्रक्रियेनंतरची जखम तपासून व औषधयोजना समजावून निवासी डॉक्टर मागे वळतात, तोच खाटेशेजारून प्रश्न येतो, ‘‘सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येतील?’’ विचारणाऱ्याच्या मनात अनादर नसतो. परिचारिकेचे काम कमी प्रतीचे, असेही नव्हे. मात्र त्याच वेळी शेजारचा कनिष्ठ पुरुष सहकारी आपोआप ‘डॉक्टरसाहेब’ ठरतो. अशा नकळत घडणाऱ्या अवमानास ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० च्या सुमारास वर्णभेदाच्या संदर्भात ही संज्ञा योजिली. येथे आपण तिला ‘सूक्ष्म अवहेलना’ म्हणू.

शल्यप्रशिक्षणात ती विशेष जाचक ठरते. एम.बी.बी.एस.नंतरचा सामान्य शल्यचिकित्सेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. ग्रंथवाचनाने ज्ञान मिळते, पण हात तयार होतो तो शस्त्रक्रियागारातच. आधी ज्येष्ठांना साहाय्य, मग टाके घालणे, मग देखरेखीखाली हर्निया वा अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, अशी ही पायरीपायरीने येणारी विद्या आहे. ‘‘रात्र फार झाली, तुम्ही थांबा, हा करील,’’ हे वाक्य काळजीपोटी उच्चारले तरी त्या रात्रीची संधी तिच्या हातून जाते. ‘‘लग्नानंतर हे जमेल का?’’ हा प्रश्न तिच्या पुरुष सहकाऱ्यांना सहसा कोणी विचारत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील काही उपकरणांच्या मुठी लहान हातांना मोठ्या पडतात. तेथेही दोष मुठीचा असतो आणि शंका मात्र तिच्या बळाविषयी घेतली जाते.

अमेरिकेतील सामान्य शल्यचिकित्सेच्या ७,४०९ निवासी डॉक्टरांनी २०१८ मध्ये एका पाहणीस उत्तरे दिली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ६५ टक्के स्त्रियांनी लिंगभेदाचा अनुभव नोंदविला. हा भेद करणाऱ्यांत सर्वाधिक उल्लेख रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांचा होता. लैंगिक छळ आणि अपमानास्पद वागणूक यांबाबत मात्र ज्येष्ठ शल्यचिकित्सकांकडे सर्वाधिक बोट दाखविले गेले. कामाने खचून जाण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक आढळले. परंतु अशा वागणुकीचा परिणाम हिशेबात घेताच स्त्री-पुरुषांमधील तो फरक उरला नाही. म्हणजे उणीव स्त्रियांच्या सहनशक्तीत नव्हती.

कौशल्याविषयीची शंकाही पुराव्यावर टिकत नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत गंभीर त्रास उद्भवण्याचे प्रमाण पुरुष शल्यचिकित्सकांच्या रुग्णांत १३.९ टक्के, तर स्त्री शल्यचिकित्सकांच्या रुग्णांत १२.५ टक्के होते. एवढ्यावरून कोणी श्रेष्ठ ठरत नाही. परंतु स्त्रीच्या हाती शस्त्र पाहून चिंता करण्याचे कारण उरत नाही, हे निश्चित.

उघड लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. सूक्ष्म अवहेलनेवर मात्र उपाय वर्तनातूनच निघतो. शस्त्रक्रियेची संधी पाळीनुसार द्यावी, तिची नोंद ठेवावी आणि रुग्णासमोर प्रत्येक निवासी डॉक्टरचा परिचय नाव व हुद्द्यासह करून द्यावा, हे आम्हां ज्येष्ठांचे कर्तव्य आहे. रुग्णांच्या आप्तांनी खाटेपाशी येणाऱ्या डॉक्टरांचे नाव विचारून घ्यावे आणि त्यांना ‘डॉक्टर’ म्हणूनच संबोधावे, ही आमची नम्र विनंती.