अर्ध्या शक्तीची पहाट



दमट मुंबईत धावण्याची सवय झालेला माणूस पुण्याच्या पहिल्या हिवाळ्यात पहाटे धावू लागला, की आपला वेग आपोआप वाढला असे त्याला वाटते. तो वेग त्याने कमावलेला नसतो, हवेने उसना दिलेला असतो, हे शिक्षणासाठी नुकत्याच पुण्यात आलेल्या भाचीने आधीच ओळखून ठेवावे. धावताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच हालचालीच्या कामी येतो आणि बाकीच्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदयाला स्नायूंबरोबरच त्वचेकडेही रक्त पाठवावे लागते, आणि दमट हवेत घाम वाळतच नसल्यामुळे एवढा दुहेरी खटाटोप करूनही अंग निवत नाही. जानेवारीत मुंबईचे किमान तापमान सरासरी 17 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पुण्याचे 11-12 अंशांपर्यंत उतरते आणि हवाही कोरडी असते. त्यामुळे त्वचेकडे वळणारे रक्त वाचते, त्याच वेगासाठी हृदयाचे ठोके कमी लागतात आणि दम उशिरा लागतो. हिवाळी धावण्यातला पहिला आनंद तो हाच, की अंगात काहीतरी शिल्लक असल्याची जाणीव होते.

ही शिल्लक त्याच दिवशी उधळून टाकण्याचा मोह तरुणांना फार होतो, आणि नेमका तोच आवरायचा असतो. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त शीतकाळ आणि वसंत हे व्यायामाचे ऋतू मानले आहेत, परंतु तेही बलवान असलेल्या व स्निग्ध, म्हणजे तूप-तेलाचा ओलावा असलेले अन्न खाणाऱ्यांसाठी, आणि त्यांनीही तो अर्धशक्तीने करावा अशी अट घालून. अर्धी शक्ती संपली हे ओळखायचे कसे, याची खूण सुश्रुतसंहितेत आहे: हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला की बलाचा अर्धा भाग खर्च झाला असे समजावे. आजच्या भाषेत सांगायचे तर नाकाने घेतलेला श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागते, तो हा क्षण होय. मनगटावरच्या महागड्या घड्याळापेक्षा ही खूण जुनी आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही. शिवाय थंडीत तिला आणखी एक अर्थ येतो, कारण नाकातून आत जाणारी हवा वाटेत उबदार व ओलसर होते, तर तोंडाने ओढलेली गार, कोरडी हवा घसा आणि श्वासनलिका सुकवते. दम्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या श्वासनलिका अशाने आकसतात, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, आणि तसे झाल्यास नेट न लावता थांबून डॉक्टरांना दाखवणे हाच शहाणपणा. स्निग्ध अन्नाची अट मात्र महाराष्ट्राच्या हिवाळ्यात सहज पुरी होते, कारण लोणी लावलेली बाजरीची भाकरी आणि संक्रांतीचा तिळगूळ हे वाग्भटाला न विचारताही घरोघरी असतातच.

खरा आनंद पुढे, टेकडीवर आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होऊन उतारावरून नदीकडे ओघळते आणि तिच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात, कारण एरवी उंचीबरोबर हवा गार होत जाते आणि येथे ती उलट उबदार होते. या उबदार थराचे झाकण बसल्याने शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा आणि वाहनांचा धूर मुठा नदीच्या काठच्या रस्त्यांवरच कोंडून राहतो, म्हणून तेथे ऊन चांगले चढेपर्यंत धावू नये. याउलट सुमारे 800 मीटर उंचीच्या वेताळ टेकडीवर सोबतीने चढत गेल्यास, खाली हुडहुडी भरवणारी थंडी माथ्यावर पुष्कळदा सौम्य झालेली आढळते, पायाखालच्या वाळल्या गवतावर दव असते आणि शहर एका करड्या दुलईखाली झोपलेले दिसते.

जानेवारीत सहाच्या सुमारास निघावे, म्हणजे पायथ्याशी असताना स्वाती ही तारका जवळजवळ डोक्यावर व चित्रा दक्षिणेला उंच दिसते. संक्रांतीनंतर लगेच सूर्य लवकर उगवेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. दिवस डिसेंबरच्या अखेरीपासूनच मोठा होऊ लागला असला तरी ती वाढ आधी संध्याकाळच्या पदरात पडते, आणि पुण्यातला सर्वांत उशिराचा, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपासचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यालाच येतो. उशिरा उठणाऱ्यांवर निसर्गाने केलेली ही मेहेरबानीच म्हणायची.

कपड्यांविषयी एवढेच, की घराबाहेर पडताना थोडे कुडकुडणे योग्य; दारातच ऊब वाटेल इतके कपडे घातले, तर दहा मिनिटांत स्वेटर कमरेला बांधून धावावे लागते. कानटोपीला पुण्यात कोणी हसत नाही. तहान थंडीत उशिरा जाणवते, म्हणून परतल्यावर ती लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. धावणे थांबताच स्नायूंची उष्णता ओसरते आणि घामाने भिजलेला सदरा अंगातली उरलीसुरली ऊबही ओढून घेतो. तेव्हा टेकडीच्या माथ्यावर गप्पा मारीत बसायचे असेल, आणि बसावेच, तर पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा सदरा असू द्यावा.

कळावे,
मामा