विमानाच्या सांगाड्यातील शिणवटा आणि त्याचे भाकीत

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. परंतु तीच तार एकाच जागी वारंवार वाकवून सरळ केली, तर ती थोड्याच वेळात तुटून हातात येते. धातूच्या या दुबळेपणास शिणवटा असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकात आगगाडीचे आस अचानक तुटू लागले, तेव्हा जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. एका वेळी सहज पेलणारा भारही पुनःपुन्हा पडल्यास धातूस मोडू शकतो, हे त्याच्या प्रयोगांवरून स्पष्ट झाले.

विमानाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. उंचावरील हवा विरळ असल्याने प्रवाशांच्या कक्षात दाबाखाली हवा भरावी लागते. त्यामुळे विमानाची पत्र्याची काया प्रत्येक उड्डाणात किंचित फुगते व उतरताना पूर्ववत होते. जितकी उड्डाणे, तितके हेलकावे.

कॉमेट विमानांचा धडा

२ मे १९५२ रोजी ब्रिटनच्या कॉमेट या जेट विमानाने लंडन-जोहान्सबर्ग मार्गावर नियमित प्रवासी वाहतूक सुरू केली. १० जानेवारी १९५४ रोजी असे एक विमान इटलीजवळील एल्बा बेटानजीक समुद्रात कोसळून ३५ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणे थांबविण्यात आली. अनेक सुधारणा करून मार्चमध्ये ती पुन्हा सुरू झाली. पण खरे कारण अद्याप हाती लागले नव्हते. ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ दुसरे विमान कोसळले आणि आणखी २१ जणांचा बळी गेला.

फार्नबरो येथील संशोधन संस्थेत आर्नल्ड हॉल यांच्या मार्गदर्शनाखाली एका कॉमेटची संपूर्ण काया पाण्याच्या टाकीत ठेवण्यात आली. पाणी भरून दाब वाढवावयाचा व पुन्हा कमी करावयाचा, असा क्रम चालविण्यात आला. हवा दाबली असता तिच्यात पुष्कळ ऊर्जा साठते व पत्रा फाटताच स्फोट होतो. पाणी फारसे दबत नसल्याने मोडतोड जागच्या जागी राहते व तिचे निरीक्षण करता येते. प्रत्यक्षातील १,२२१ व टाकीतील १,८३६ मिळून ३,०५७ उड्डाणांइतके हेलकावे होताच ती काया एका झडपेच्या कोपऱ्यापाशी फाटली. एल्बाजवळ कोसळलेल्या विमानाची दाबयुक्त उड्डाणे अवघी १,२९० होती.

उत्पादकांच्या पूर्वीच्या चाचणीत मात्र कायेच्या एका भागाने हजारो हेलकावे सहन केले होते. त्या भागावर आधी नेहमीहून पुष्कळ अधिक दाब देण्यात आला होता. त्यामुळे कोपऱ्यांजवळील धातू किंचित ताणला जाऊन उलट अधिक टिकाऊ बनला. चाचणी झाली, परंतु जे विमान प्रवासी नेणार होते, त्याची ती चाचणी नव्हती.

भाकीत कसे केले जाते?

प्रारंभी प्रत्येक भागाचे आयुष्य ठरवून, मुदत संपताच तो बदलण्याची पद्धत होती. पुढे भेग असतेच असे गृहीत धरण्यात येऊ लागले. भेगेची लांबी व तिच्या टोकाशी येणारा ताण यांवरून ती दर हेलकाव्यास किती वाढेल, याचे गणित मांडता येते. भेग दिसू लागल्यापासून ती घातक होईपर्यंतच्या काळात एकाहून अधिक तपासण्या व्हाव्यात, अशा बेताने वेळापत्रक ठरविले जाते. क्ष-किरण, श्राव्यातीत ध्वनी व विद्युत् प्रवाह यांच्या साहाय्याने डोळ्यांस न दिसणारी भेगही शोधता येते.

हे गणित दुरुस्ती व देखभाल यथायोग्य असेल तरच खरे ठरते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये बोइंग ७४७ विमान कोसळून ५२० जण दगावले. १९७८ साली त्याच्या शेपटीकडील दाबरोधक भिंतीची दुरुस्ती सदोष झाली होती. जेथे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार घ्यावयाचा, तेथे तो एकाच ओळीवर पडत राहिला. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर ८९,६८० उड्डाणे केलेल्या बोइंग ७३७ विमानाचे छत आकाशातच उडून गेले व एक विमान परिचारिका मृत्युमुखी पडली. लहान पल्ल्याची असंख्य उड्डाणे, खारी हवा आणि जोडांतील अनेक बारीक भेगा यांचा तो एकत्रित परिणाम होता.

या विमानात चढताना एका प्रवासी महिलेस रिव्हेटांच्या ओळीलगत भेग दिसली होती. तिने ती कोणासही सांगितली नाही. शिणवट्याचे भाकीत प्रयोगशाळेत होते, पण ते खरे उपयोगी पडते ते पाहणाऱ्याने पाहिलेले वेळीच नोंदविले व ऐकणाऱ्याने ते मनावर घेतले तरच. यंत्र, पूल वा पाण्याची टाकी, जेथे भार पुनःपुन्हा पडतो, तेथे हाच नियम लागू आहे.