परराज्यातील बँक आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील महापे परिसरात जमिनी संपादित झाल्या, कारखाने उभे राहिले आणि अनेक कुटुंबांची मालमत्ता शेतीऐवजी ठेवी, भूखंड व घरे यांच्या स्वरूपात आली. आपल्या पश्चात तिची नीट व्यवस्था व्हावी, मुले अज्ञान असल्यास त्यांचे हित जपले जावे, म्हणून मृत्युपत्रात नातलगाऐवजी बँकेस निष्पादक नेमण्याचा विचार पुढे येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या बँकेचे मुख्यालय मंगळूरु किंवा आलुवा येथे असेल तर?

बँकव्यवसाय हा संविधानाच्या संघसूचीतील विषय आहे. न्यास, विश्वस्त आणि मृत्युपत्रे हे समवर्ती सूचीतील विषय आहेत. बँकव्यवसाय विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ६ नुसार बँकेस न्यास चालविण्याचा, तसेच निष्पादक वा विश्वस्त म्हणून मालमत्तेचा कारभार पाहण्याचा व्यवसाय करता येतो. बँकव्यवसायाचा परवाना रिझर्व्ह बँक देते. त्यासाठी प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. अमेरिकेतील काही राज्ये मात्र परराज्यातील बँकांना या कामासाठी स्वतंत्र अटी घालतात.

तथापि, व्यवसायाची मुभा म्हणजे प्रोबेट मिळविण्याची पात्रता नव्हे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २२३ नुसार एखाद्या संस्थेस प्रोबेट द्यावयाचे तर ती कंपनी असली पाहिजे आणि राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेल्या नियमांतील अटी तिने पूर्ण केल्या पाहिजेत. प्रशासनपत्रासाठीही कलम २३६ मध्ये असेच बंधन आहे. म्हणजे येथे राज्याचे नियम पाहावेच लागतात.

मालमत्ता दोन राज्यांत असल्यास आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. उच्च न्यायालयाने दिलेले प्रोबेट सामान्यतः इतर राज्यांतही चालते. जिल्हा न्यायाधीशाच्या प्रोबेटला कलम २७३ ची मर्यादा आहे : मृत व्यक्तीचे कायम वास्तव्य त्याच्या अधिकारक्षेत्रात असावे आणि राज्याबाहेरील मालमत्ता दहा हजार रुपयांपेक्षा अधिक नसल्याचे त्याने प्रमाणित केलेले असावे.

हयातीतच स्थावर मालमत्तेचा खाजगी न्यास करावयाचा असल्यास भारतीय न्यास अधिनियम, १८८२ नुसार लेखी व नोंदणीकृत दस्तऐवज लागतो. शाळा, देवस्थान यांसारख्या सार्वजनिक न्यासास महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक न्यास अधिनियम लागू होतो. विश्वस्त बँक कोठलीही असो, न्यासाची नोंदणी आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीपूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आवश्यक ठरते.

निष्पादकपद स्वीकारण्याची सक्ती कोणावरही नसते. बँकेने नकार दिला किंवा ती अपात्र ठरली, तरी मृत्युपत्र रद्द होत नाही. मात्र वारसांना मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्रासाठी न्यायालयात जावे लागू शकते आणि तोवर मालमत्तेची व्यवस्था खोळंबू शकते.

म्हणून मृत्युपत्र करण्यापूर्वी बँकेची लेखी संमती व शुल्काचा दर घ्यावा, राज्याच्या नियमांनुसार तिची पात्रता तपासावी, पर्यायी निष्पादकाचे नाव घालावे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. गावात अशा कामी प्रथम शिक्षक व पंचायत सदस्य यांनाच विचारले जाते. त्यांनी एवढी माहिती दिली तरी एखाद्या कुटुंबाचा मोठा त्रास वाचेल.