विरजणाला राखण लागत नाही

(पुण्याहून नोकरीसाठी जबलपूरला आलेली भाची आणि शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली मावशी. जानेवारीतला रविवार, नेपियर टाउनमधलं घर. ओट्यावर मटारच्या शेंगांचा ढीग.)

भाची : मावशी, एवढ्या शेंगा? सोललेले मटार मिळतात की पिशवीतून.

मावशी : मिळतात, पण ते कधी सोललेत हे पिशवी सांगत नाही. शेंग तोडली की दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलायला लागते. जितका उशीर, तितकी गोडी कमी. जबलपूर जिल्हा मटारासाठी नावाजलेला. शहपुरा, पाटण, सिहोऱ्याकडचा माल मंडीत येतो. इथे राहून हिवाळ्यात पाकिटातला मटार खाणं म्हणजे नर्मदेच्या ग्वारीघाटावर बसून बाटलीतलं पाणी विकत घेणं.

भाची : म्हणजे फ्रोजन मटार वाईट?

मावशी : मुळीच नाही. मे महिन्यात मीही तोच खाते, फक्त घरचा. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडा करून फ्रीजरमध्ये. उकळत्या पाण्याने दाण्यातली एन्झाइम्स निकामी होतात. ते केलं नाही तर गोठवूनसुद्धा रंग आणि चव हळूहळू जाते. कारखान्यातही हेच करतात, त्यात काही गुपित नाही. अगं, सालं टाकू नकोस! आतला पापुद्रा ओढून काढ, असा. साल कोवळी असली की भाजी सुरेख होते.

भाची : हे सगळं रविवारी ठीक आहे गं. मी रोज आठला घरी पोचते. दोन तास स्वयंपाक कोण करणार? फोनवर बोट ठेवलं की अर्ध्या तासात डबा दारात.

मावशी : दोन तासांतला तुझा वेळ किती आणि पदार्थाचा किती, हे कधी मोजलंयस? डाळ भिजते ती आपली आपण भिजते. कणीक मुरते, दही लागतं, कुकर शिट्ट्या देतो. तेव्हा तू पुस्तक वाच, आंघोळ कर, फोनवर भांड. ताजा स्वयंपाक वेळखाऊ असतो म्हणतात. मी म्हणते, तो वाट पाहायला लावणारा असतो. हे दोन्ही एक नव्हे.

भाची : वाट पाहायची तर आधी आठवण ठेवावी लागते ना!

मावशी : हां, ते खरं कष्ट. उद्या काय खायचं ते आज रात्री ठरवायचं. हात दुखत नाहीत यात, डोकं लागतं. आपल्या आयाआज्यांचा दिवसभर जात होता तो याच हिशेबात, आणि तो कुणी कामात धरला नाही.

भाची : गॅसवर काय ठेवलंयस? वास छान सुटलाय.

मावशी : लोणी कढतंय. ये इकडे, नुसती बघू नकोस, ऐक. तडतड ऐकू येते ना? ते लोण्यातलं पाणी. विकतच्या लोण्यात सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असतं, घरच्यात थोडं जास्तच. पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान शंभर अंशांच्या फारसं पुढे जात नाही, म्हणून आत्ता गॅस मोठा असला तरी चालतो. आता बघ, फेस पांढरा आणि मोठ्या बुडबुड्यांचा आहे. थोड्या वेळाने बुडबुडे बारीक होतील, आवाज मंदावेल आणि बंद पडेल. पाणी संपलं. तिथून तापमान भराभर चढतं आणि तळाशी बसलेले दुधाचे कण तांबूस होऊ लागतात. त्यातली प्रथिनं आणि साखर यांची एकमेकांशी क्रिया होते. लुई-कामी मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ती पहिल्यांदा मांडली, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, कॉफीच्या बिया, सगळ्यांचा खमंगपणा तिचाच.

भाची : आणि करपतं कधी?

मावशी : आवाज बंद झाल्यावर ओट्यापासून दूर गेलीस की. तेवढी दोन-चार मिनिटं मात्र तुझी. बाकी आठवडाभर साय साठली, रात्रभर विरजण लागलं, त्यात तू काय केलंस? काही नाही. पण एका दुधातून साय, दही, ताक, लोणी, तूप आणि खाली बेरी, एवढं निघालं. बेरीत गूळ घालून खा, विकतच्या कुठल्याही मिठाईच्या तोंडात मारेल.

भाची : आणि पैसे? घरचं स्वस्त पडतं का?

मावशी : रोजचं वरण-भात-भाजी नक्की स्वस्त. हौसेचं नेहमीच नाही. एकट्या माणसाने दहा जिन्नस आणून मसाला केला आणि तो कपाटात पडून राहिला तर कसलं स्वस्त? म्हणून जवळ जे चांगलं पिकतं त्यापासून सुरुवात करावी. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यात गाडरवाऱ्याची तुअर आणि करेलीचा गूळ, दोन्ही प्रसिद्ध. आमटीला आणखी काय लागतं?

भाची : माझी डाळ शिजतच नाही नीट. परवा टोमॅटो, चिंच सगळं एकदम घालून कुकर लावला.

मावशी : तिथेच घोटाळा. आंबटाने डाळीचा कण घट्ट राहतो, तो फुटायला तयार होत नाही. आधी डाळ हळद-हिंग घालून नुसती शिजवायची, घोटायची आणि चिंच-गूळ त्यानंतर. आपल्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या, रसायनशास्त्राचं नाव न घेता.

भाची : मसाला तरी विकतचा चालेल ना?

मावशी : चालेल. पाकीट उलटं करून वाचायचं तेवढं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा आपल्याकडे नियम आहे. गोडा मसाल्यात मीठ पहिल्या दोन-तीनात दिसलं तर तू मिठाचे पैसे मोजते आहेस. आणि दळलेल्या मसाल्याचा वास उडतो, कारण दाणा फुटला की आतलं सुगंधी तेल हवेला मोकळं होतं. म्हणून धणे-जिरे अख्खे ठेवते आणि थोडे थोडे कुटते. दगडफूल, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजते. एकत्र भाजलं तर तीळ जळतात आणि धणे कच्चे राहतात.

भाची : तब्येतीचं काय? सगळे म्हणतात घरचं खा, पण खरंच काही सिद्ध झालंय?

मावशी : अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. वीस जणांना संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साध्या जिन्नसांपासून रांधलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू जुळवलेले. हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद प्रकारच्या जेवणावर लोकांनी रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाल्ले आणि वजनही वाढलं. वीसच माणसं आणि थोडे दिवस, म्हणून त्यावर सगळा डोलारा उभारू नये. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४मध्ये जी आहारसूत्रं काढली, त्यांतही अतिप्रक्रिया केलेलं अन्न कमी करा असंच म्हटलंय. मिठाचं तर सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगते. घरच्या भाजीत मीठ किती, हे तुझ्या बोटांना ठाऊक असतं. डब्यातल्या भाजीत ते फक्त स्वयंपाक्याला.

भाची : म्हणजे आजपासून सगळं घरी!

मावशी : नको गं बाई. सगळंच घरी करायचं हा हट्ट मला पटत नाही. कमानिया गेटजवळची बडकुलांची खव्याची जिलबी मी कशाला करू? तिला मोठी कढई आणि रोजचा सराव लागतो. सकाळची पोहे-जिलबीही बाहेर, गर्दीत उभं राहूनच खावी.

भाची : आमच्या ऑफिसमधले मुलगे परवा तिलवाराघाटाला गक्कड-भरता करायला गेले होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर गक्कड म्हणजे कणकेचे गोळे, वांगी, टोमॅटो भाजले, डाळ केली, सगळं त्यांनीच. घरी मात्र चहासुद्धा करता येत नाही म्हणतात.

मावशी : नदीकाठी ती सहल असते आणि घरात ते काम असतं. खरं तर गक्कडचं पीठ मळता येणाऱ्याला पोळीची कणीक अवघड नाही. तुझे काका निवृत्त झाल्यावर शिकले. आता मटार निवडणं, कणीक, रविवारचं भरीत त्यांच्याकडे. भरतात मोहरीचं कच्चं तेल घालतात, इथल्या मित्रांचं बघून. माझ्या सासूबाईंना ते कधी चाललं नसतं. एकट्या बाईच्या जिवावर चालणाऱ्या घरच्या जेवणाचं कौतुक मला नको. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून खिचडी खावी.

भाची : मी काय करू मग? एकच गोष्ट सांग. आज रात्री करता येईल अशी.

मावशी : दही लाव. अर्धा लिटर दूध उकळ, करंगळी बुडवून सहज सोसवेल इतकं कोमट होऊ दे, त्यात चमचाभर ताजं विरजण ढवळून घाल. फार गरम दुधात घातलंस तर जिवाणू मरतील, फार गार असलं तर ते सुस्त राहतील. भांडं झाकून जुन्या शालीत गुंडाळ, कणकेच्या डब्यात ठेवलंस तरी चालेल, आणि झोप. हलवून बघत बसू नकोस.

भाची : आणि सकाळी लागलं नाही तर?

मावशी : तर तसंच ठेवून ऑफिसला जा. जबलपूरच्या जानेवारीत दही बारा तासही घेतं.